रुळांची रुंदी आणि मुरबाडचे नाना

दिवाळीला अमेरिकेहून आलेला मुलगा आजोबांसाठी फोन घेऊन येतो. फोन देखणा असतो, किमतीही असतो. पण घरातला पहिला प्रश्न असतो, यात आपले कार्ड चालेल का? २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनला कार्ड घालायची फटच नसते. काही फोन तिथल्या कंपनीने आपल्यापुरते कुलूपबंद केलेले असतात. शहापूर-मुरबाडकडच्या वाड्या-पाड्यांवर तर प्रश्न आणखी निराळा. डोंगराआड ज्या कंपनीची रेंज पोचते, तिच्या लहरी हातातल्या फोनला कळतात का? वस्तू चांगली, जाळेही चांगले, पण दोघांचे माप जुळत नाही आणि पैसे पाण्यात जातात.

हे दुखणे मोबाइलबरोबर जन्मले असे वाटत असेल, तर तसे नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच ठाणे जिल्ह्यातून एक मोठे जाळे विणले जाऊ लागले. ते लोखंडी रुळांचे होते. त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांतला एक मुरबाडचा होता. सारी मुंबई त्याला नाना म्हणत असे. जगन्नाथ शंकरशेट हे त्याचे नाव.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडात झाला. घराणे दैवज्ञांचे, आडनाव मुरकुटे. वडील शंकरशेट यांनी मुंबईत व्यापारात अमाप पैसा मिळवला. आई भवानीबाई नाना लहान असतानाच गेल्या. १८२२ साली वडीलही गेले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पेढीची सूत्रे नानांच्या हाती आली. त्या वयातला श्रीमंताचा मुलगा कुठल्या वाटेला जाईल याचा नेम नसतो. नानांनी मात्र पेढी अशी राखली की अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धा आपली ठेव बँकेपेक्षा त्यांच्याकडे ठेवणे पसंत करीत. ज्याने आयुष्याची ऐन वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली आहेत त्याला या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. परक्या मुलखातला, परक्या भाषेचा माणूस तुमच्या शब्दावर पैसा सोडून जातो, तेव्हा तुमचे चलन सगळीकडे चालते असा त्याचा अर्थ.

नानांनी हा विश्वास व्यापाराबाहेर खर्च केला. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मुंबईत शाळा काढण्यासाठी आणि शाळांना पुस्तके पुरवण्यासाठी जी मंडळी उभी राहिली, तीत नाना तरुणपणीच सामील झाले. पुढे १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, त्याचे ते सोळा वर्षे सभासद होते. याच बोर्डात १८४० नंतरच्या दशकात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सरन्यायाधीश होते आणि शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा त्यांचा आग्रह होता. नानांना इंग्रजीचे वावडे नव्हते, एल्फिन्स्टनच्या नावाने उभ्या राहिलेल्या विद्यालयाचे ते आधारस्तंभच होते. पण सामान्य घरातल्या मुलापर्यंत विद्या पोचवायची तर ती त्याच्या मातृभाषेतूनच पोचेल, असे ते ठामपणे मांडत राहिले. मूठभरांनी इंग्रजी शिकायचे आणि ज्ञान त्यांच्याकडून खाली झिरपेल म्हणून बाकीच्यांनी वाट पाहायची, हे त्यांना मान्य नव्हते. सरन्यायाधीशासमोर एका व्यापाऱ्याने शिक्षणाच्या प्रश्नावर मागे न हटणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १८५४ सालच्या वुडच्या खलित्याने उच्च शिक्षणासाठी इंग्रजी ठेवली, पण सर्वसामान्यांच्या शिक्षणासाठी देशी भाषांचे स्थान मान्य केले.

या वादाचे मूळ आणि फोनच्या प्रश्नाचे मूळ एकच आहे. पाठवणाऱ्याचे यंत्र कितीही उत्तम असो, घेणाऱ्याला ते पकडता आले पाहिजे. नानांनी हे मुलींच्या बाबतीतही ओळखले. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. मुली लांबच्या शाळेत येणार नाहीत, तर शाळेनेच ओळखीच्या अंगणात यावे, असा तो व्यवहार होता.

रेल्वेची कहाणीही याच दशकांतली. १८४३ साली मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना निघाली. नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी ती उचलून धरली, त्यासाठी मंडळ उभे केले. १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी अस्तित्वात आली आणि तिच्या कारभारात जे अगदी मोजके भारतीय आले, त्यांत हे दोघे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. त्या पाहुण्यांत नाना होते.

पण त्याआधी एक प्रश्न सुटला होता. त्याची आठवण आज कोणी ठेवत नाही. रूळ किती रुंद असावेत? इंग्लंडात त्या काळी यावरून रणे माजली होती. बहुतेक कंपन्यांचे रूळ ४ फूट साडेआठ इंचांचे, तर ब्रुनेल या इंजिनिअरच्या ग्रेट वेस्टर्नचे सात फुटांचे. ग्लॉस्टर स्थानकात दोन्ही भेटत, आणि तिथे एका गाडीतला सगळा माल उतरवून दुसरीत चढवावा लागे. शेवटी १८४६ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. हिंदुस्थानात हा गोंधळ नको म्हणून डलहौसीच्या कारकिर्दीत १८५१ च्या सुमारास एकच माप ठरले, साडेपाच फूट. हा निर्णय सरकारचा होता, नानांचा नव्हे. पण ज्या कंपनीत त्यांनी आपला शब्द आणि पैसा घातला होता, तिचे भाग्य त्या मापात होते.

१८५४ साली गाडी कल्याणला आली, १८५५ साली शहापूर तालुक्यातल्या वासिंदला. १ जानेवारी १८६१ ला ती कसाऱ्याला पोचली आणि १ जानेवारी १८६५ ला थळ घाट चढून इगतपुरीला गेली. सदतिसात एक असा तो चढ. मार्च १८७० मध्ये हा मार्ग जबलपूरला कलकत्त्याकडून आलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडला गेला. कंपन्या दोन, मालक निराळे, पण रुळांची रुंदी एक. म्हणून एकीचा डबा दुसरीच्या हद्दीत जाऊ शकला.

आणि हे जिथे घडले नाही तिथे काय झाले, ते महाराष्ट्राने शतकभर सोसले. १८७० साली सरकारने खर्च वाचवण्यासाठी मीटर रुंदीचे रूळ मान्य केले. मग मनमाडला मराठवाड्याचा माल डब्यातून डब्यात हलवण्यात हमालांच्या पिढ्या खपल्या. कुर्डुवाडीला पंढरपूरचे वारकरी मोठ्या गाडीतून उतरून बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरच्या चिमुकल्या गाडीत बसत. १९९२ साली देशभर एकच रुंदी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. वाचवलेले पैसे व्याजासकट फेडावे लागले, असे बँकवाला म्हणेल.

नाना मात्र एवढ्यावर थांबले नव्हते. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. सतीबंदीच्या बाजूने ते उभे राहिले. मरीन लाइन्सची सोनापूरची स्मशानभूमी हलवून लांब नेण्याचा सरकारचा बेत होता, तोही त्यांनी हाणून पाडला. १८५७ च्या उठावात त्यांच्यावर संशय घेतला गेला, पुरावा मिळाला नाही आणि ते निर्दोष ठरले. १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. पारशी, गुजराती, मराठी, इंग्रज अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या माणसांना एका टेबलाशी बसवण्याचे काम त्यांनी जन्मभर केले. ३१ जुलै १८६५ रोजी ते गेले, थळ घाटावर गाडी चढल्यानंतर सात महिन्यांनी. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती पुढे मॅट्रिकच्या मुलांचे स्वप्न झाली. १९१२ साली ती मिळवणारे चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

योगायोग असा की भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलैलाच, १९९५ साली, कलकत्ता आणि दिल्लीच्या दरम्यान. तेव्हा सरकारने सगळ्या कंपन्यांना जीएसएम हे एकच माप घालून दिले होते. एका कंपनीचे कार्ड काढून दुसरीचे घातले की फोन चाले. २००२ च्या अखेरीस स्वस्ताईची लाट घेऊन सीडीएमए आले. फोन स्वस्त, पण कंपनीशी जखडलेला. २०१७ पर्यंत ती पद्धत जवळजवळ अस्तंगत झाली आणि ते फोन खेळण्यांच्या डब्यात गेले. २०१६ साली केवळ फोरजीवर चालणारी सेवा आली, तेव्हा जुन्या फोनवरून तिच्यावर बोलताच येईना. २०२२ मध्ये फाइव्हजी आले ते दोन कंपन्यांच्या दोन तऱ्हांनी, आणि अनेक फोनांना नवे सॉफ्टवेअर येईपर्यंत थांबावे लागले. एका बँकेचे कार्ड दुसरीच्या एटीएममध्ये चालत नसे तो काळ ज्यांना आठवतो, त्यांना हे नवे नाही.

घरासाठी फोन घेताना म्हणूनच रंग आणि कॅमेरा यांच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. फोन कुणाच्या कुलपात तर नाही ना? त्यावर फोरजीवरून बोलता येते का? आणि आपल्या गावी ज्या कंपनीची रेंज आहे, तिचे बँड या फोनला आहेत का? डोंगराळ मुलखात कमी कंपनांच्या लहरी, म्हणजे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या, लांब जातात आणि भिंतीतूनही शिरतात. नेमका तोच बँड नसला तर माळशेजच्या पायथ्याला महागडा फोन केवळ घड्याळ म्हणून उरतो.

माळशेजचे नाव आले म्हणून शेवटची गोष्ट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणचा व्यापार नाणेघाट चढून जुन्नरला जात असे तो मुरबाडच्या मुलखातून. रेल्वेच्या सुरुवातीच्या आराखड्यातही मार्ग माळशेज घाटाने नेण्याचा विचार होता. मुख्य अभियंता बर्कली यांच्या पाहणीनंतर थळ आणि बोर हे दोन घाट निवडले गेले. एक फाटा शहापूर तालुक्यातून कसाऱ्याला गेला, दुसरा कर्जतकडे, आणि मुरबाड दोघांच्या मध्ये कोरडे राहिले. २००३ साली नानांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली आणि त्यानंतर आणखी वीस वर्षे गेली, तरी त्यांच्या जन्मगावी रेल्वे पोचलेली नव्हती. मोजण्या झाल्या, मंजुरीच्या बातम्या आल्या. २०२४ साली राज्य शासनाने मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचे नाव देण्याचे ठरवले, हे योग्यच झाले. कल्याणहून मुरबाडला जेव्हा केव्हा रूळ येतील, तेव्हा ते साडेपाच फुटांचेच असतील आणि देशातल्या जाळ्याशी बिनबोभाट जुळतील. मापाचा प्रश्न नानांच्या हयातीतच सुटला होता. उरला आहे तो मुरबाडपर्यंत पोचण्याचा.