सूर्याचा नाद ऐकणाऱ्या विदुषी : रूबी पेन-स्कॉट

सूर्याचा प्रकाश सर्वांस दिसतो. परंतु त्यापासून रेडिओच्या लहरीहि निघतात. त्या लहरींचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनीं आरंभिला, त्यांत रूबी पेन-स्कॉट यांची गणना होते. त्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

रूबीबाईंचा जन्म ऑस्ट्रेलियांतील ग्रॅफ्टन या गांवीं २८ मे १९१२ रोजीं झाला. सिडनी विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचें शिक्षण घेऊन १९४१ सालीं, महायुद्ध चालू असतां, त्या सरकारी रेडिओ-प्रयोगशाळेंत दाखल झाल्या. तेथें त्यांनीं शत्रूचीं विमानें हुडकणाऱ्या रडार यंत्रांवर काम केलें. युद्ध संपल्यावर तीं यंत्रें सूर्याकडे वळविण्यांत आलीं. १९४६ च्या फेब्रुवारींत डोव्हर हाइट्सच्या समुद्रकड्यावरून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उगवत्या सूर्याचे वेध घेतले, तों लहरींचें उगमस्थान सूर्यावरील डागांपाशीं निघालें.

८ मार्च १९४७ रोजीं सूर्यापासून एक प्रचंड रेडिओ-स्फोट नोंदला गेला. सेकंदास २० कोटी कंपनांच्या लहरी प्रथम आल्या. १० कोटींच्या व मग ६ कोटींच्या लहरी कांहीं मिनिटांच्या अंतरानें मागून आल्या. सूर्याभोंवतींचें वातावरण वर जावें तसतसें विरळ होतें, आणि विरळ भागांतून निघणाऱ्या लहरींचीं कंपनें कमी असतात. तेव्हां लहरींचें कारण सूर्यापासून वर धांवत होतें, हें उघड झालें. त्याचा वेग सेकंदास शेंकडों किलोमीटर ठरला. सूर्यावरील उद्रेकामुळें उठणाऱ्या आघात-लहरीचा हा नाद होय, असें आज मानितात. तो पृथ्वीवर सुमारें ८ मिनिटांत येतो. उद्रेकांतील द्रव्य यावयास बहुधा एक ते तीन दिवस लागतात. म्हणून चुंबकीय वादळाची आगाऊ सूचना त्यावरून मिळूं शकते.

रूबीबाईंचा विवाह १९४४ सालीं झाला होता; परंतु विवाहित स्त्रीस कायमची सरकारी नोकरी मिळत नसल्यामुळें त्यांनीं तो गुप्त ठेविला. १९५० सालीं ती गोष्ट बाहेर पडून कायमचें पद गेलें, आणि १९५१ सालीं अपत्यजन्मापूर्वीं त्यांस संशोधन सोडावें लागलें. तो नियम रद्द व्हावयास १९६६ साल उजाडलें. तोंवर रूबीबाई सिडनींतील डेनबँक या चर्चच्या कन्याशाळेंत शिक्षिका झाल्या होत्या. तेथें त्यांनीं १९६३ पासून १९७४ पर्यंत अध्यापन केलें. २५ मे १९८१ रोजीं त्या निवर्तल्या.

सूर्यावर उद्रेक झाला म्हणजे आजहि शास्त्रज्ञ कंपनांच्या त्याच उतरत्या क्रमावरून त्याचा वेग अजमावितात. आमच्या विद्यार्थिनींनीं हें चरित्र अवश्य ध्यानीं ठेवावें.