टॉल्किन आणि त्यांचे वंश

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा ग्रंथ प्रथमच हाती घेणारा वाचक गोंधळतो तो त्यातील नाना वंशांमुळे. माणसे आहेतच, शिवाय दीर्घायुषी एल्फ, बुटके ड्वार्फ, चिमुकले हॉबिट, वृक्षासारखे एंट आणि क्रूर ऑर्क. हे सारे निर्माण करणारे जे. आर. आर. टॉल्किन पेशाने भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते, हे ध्यानात घेतल्यावाचून या वंशांचे मर्म कळत नाही.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. चार वर्षांचे असताना वडील गेले, बाराव्या वर्षी आई गेली. आईनेच त्यांना लॅटिन शिकवले होते. ऑक्सफर्डला असताना महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांना फिनिश भाषेचे एक व्याकरण सापडले आणि त्या भाषेच्या नादाने ते अक्षरशः वेडावले. नेमलेला अभ्यास बाजूला सारून हा विद्यार्थी स्वतःचीच एक भाषा रचत बसला! पुढे तीच एल्फांची ‘क्वेन्या’ झाली. त्यांची दुसरी भाषा ‘सिंडारिन’ वेल्शच्या वळणावर घडवली. ड्वार्फांच्या भाषेची ठेवण सेमिटिक भाषांसारखी व्यंजनांच्या धातूंवर उभी. ती ते परक्यास शिकवीत नाहीत. आधी भाषा, मग ती बोलणारे लोक, मग त्या लोकांचा इतिहास, असा हा क्रम होता. म्हणूनच हे वंश केवळ वेष बदललेली माणसे वाटत नाहीत.

१९१६ साली ते सोमच्या रणांगणावर होते. खंदकज्वराने परत आले. शाळेतील दोन जिवलग मित्र मात्र त्याच वर्षी मारले गेले. त्यांच्या पुराणकथांचे पहिले लेखन याच आजारपणातील आहे. नंतर काही काळ ऑक्सफर्ड कोशाचे काम, लीड्स येथील अध्यापन आणि १९२५ पासून ऑक्सफर्डचे प्राध्यापकपद. उत्तरपत्रिका तपासताना एक कोरे पान आढळले आणि त्यावर त्यांनी हॉबिटविषयीचे पहिले वाक्य लिहिले. (आमच्या उत्तरपत्रिकांत कोऱ्या पानांचा तुटवडा नाही, हे गुरुजनांनी ध्यानी घ्यावे.) ‘द हॉबिट’ १९३७ साली प्रसिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी एक प्रसंग घडला. ‘द हॉबिट’चा अनुवाद काढू इच्छिणाऱ्या एका जर्मन प्रकाशनसंस्थेने, लेखक आर्यवंशीय आहेत काय, अशी पृच्छा केली. टॉल्किन संतापले. त्यांनी दोन उत्तरे लिहून आपल्या इंग्रज प्रकाशकाकडे धाडली. त्यांपैकी उपलब्ध असलेल्या पत्रात त्यांनी आर्य या शब्दाचा भाषाशास्त्रीय अर्थच त्या मंडळींना समजावून दिला आणि ज्यूंसारख्या गुणी लोकांत आपला एकही पूर्वज नसल्याबद्दल खेद व्यक्त केला. आपली मराठी ज्या भारतीय-आर्य शाखेची, ती भाषाशाखा आहे, रक्ताची शाखा नव्हे. हा भेद त्यांना पक्का ठाऊक होता. जर्मन अनुवाद निघाला तो थेट १९५७ साली.

वंशगर्वाचा असा तिटकारा असलेल्या लेखकाने ऑर्कसारखा जन्मतःच दुष्ट वंश का निर्मावा? माझ्या मते त्यांच्या लेखनातील खरा पेच हाच. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेल्या महाग्रंथात एल्फ लेगोलस आणि ड्वार्फ गिम्ली पिढीजात वैर विसरून मित्र होतात. ऑर्कांना मात्र अशी संधी कोठेच नाही. आपल्याकडे राक्षसकुळात बिभीषण आणि दैत्यकुळात प्रल्हाद निपजतो. ऑर्कांत तसा एकही नाही. तरीही एके ठिकाणी दोन ऑर्क आपसांत बोलताना दिसतात. युद्ध संपले की वरच्या धन्यांचा जाच टाळून कोठेतरी स्वतंत्र राहावे, असा त्यांचा बेत असतो. थकल्याभागल्या शिपायांचेच हे बोलणे. सोम पाहिलेल्या माणसाला ते ऐकू आले नसते तरच नवल!

टॉल्किन श्रद्धावान कॅथलिक होते. दुष्ट शक्ती नवे काही निर्माण करू शकत नाही, असलेले विकृत तेवढे करू शकते, अशी त्यांची धारणा. मग ऑर्क आले कोठून? त्यांना आत्मा आहे काय? असल्यास त्यांची सरसकट कत्तल न्याय्य कशी? अध्यापनातून १९५९ साली निवृत्त झाल्यावरही हे प्रश्न त्यांना छळत राहिले. २ सप्टेंबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. मुलगा ख्रिस्तोफर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये ऑर्क हे छळ करून विकृत केलेले एल्फ ठरले. पण १९९३ साली छापल्या गेलेल्या वडिलांच्या उत्तरकालीन टिपणांत कधी मानव, कधी पशू असे त्यांचे मूळ बदलत जाते, आणि टिपणे तशीच अर्धवट राहिलेली दिसतात.