जॉन वेस्ली ह्यांचे दोन प्रवास

मेथॉडिस्ट मंडळीचे संस्थापक जॉन वेस्ली ह्यांचें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेलें आहे. घोड्यावर बसून गांवोगांव फिरणारा आणि उघड्या मैदानांत हजारों लोकांस उपदेश करणारा सेवक, अशी त्यांची मूर्ति आपल्या डोळ्यांसमोर असते. परंतु त्यांनीं तरुणपणीं सुवार्तेसाठीं एक मोठा समुद्रप्रवास केला, आणि त्यांत त्यांस जवळजवळ सर्वस्वीं अपयश आलें, ही हकीकत तितकी प्रसिद्ध नाहीं. हल्लीं पुष्कळ मंडळ्यांतून लहान लहान पथकें आठ-पंधरा दिवसांसाठीं किंवा एक-दोन महिन्यांसाठीं परदेशीं सेवेस जात असतात. असे पाहुणे आपल्याकडेही येतात, आणि आपल्यांतील कांहीं जणही बाहेर जातात. ह्यास्तव वेस्ली ह्यांच्या त्या प्रवासाची, आणि त्यानंतर लवकरच त्यांनीं केलेल्या दुसऱ्या एका लहानशा प्रवासाची, हकीकत वाचकांपुढें ठेवणें उपयोगाचें होईल, असें आम्हांस वाटतें.

वेस्ली ह्यांचा जन्म इ. स. १७०३ च्या जून महिन्यांत इंग्लंडांतील एपवर्थ ह्या गांवीं झाला. त्यांचे वडील सॅम्युएल हे तेथील पाळक होते. आई सुसाना हिला एकंदर एकोणीस मुलें झालीं. त्यांतील पुष्कळ लहानपणींच वारलीं. जी राहिलीं त्यांस तिनें मोठ्या शिस्तीनें व भक्तीनें वाढविलें. १७०९ सालीं एका रात्रीं पाळकाच्या घरास आग लागली आणि पांच वर्षांचा जॉन माडीवर अडकून राहिला. तेव्हां शेजाऱ्यांपैकीं एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला व त्यानें मुलास खिडकींतून बाहेर ओढून काढलें. लागलेंच छप्पर कोसळलें. देवानें ह्या मुलास विशेष दयेनें राखिलें आहे, तर त्याच्या आत्म्याची आपण विशेष काळजी घेतली पाहिजे, असा निश्चय आईनें तेव्हांपासून केला.

पुढें ते ऑक्सफर्ड येथें शिकले. १७२६ सालीं ते लिंकन कॉलेजाचे फेलो झाले, आणि १७२८ सालीं त्यांस पाळकपणाची पूर्ण दीक्षा मिळाली. धाकटा भाऊ चार्ल्स ह्यानें तेथें कांहीं विद्यार्थ्यांचा लहानसा संघ जमविला होता. जॉन त्याचे पुढारी झाले. हे तरुण एकत्र शास्त्र वाचीत, नेमानें उपास करीत, दर आठवड्यास प्रभुभोजन घेत आणि तुरुंगांतील कैद्यांस व गोरगरिबांस भेटावयास जात. इतर विद्यार्थी थट्टेनें त्यांस पवित्र मंडळ म्हणत. मेथॉडिस्ट, म्हणजे ठराविक पद्धतीनें वागणारे, हें नांवही थट्टेंतूनच पडलें. ह्या तरुणांच्या निष्ठेविषयीं शंका घेण्यास जागा नव्हती. मात्र आपण देवास पसंत पडलों आहों कीं नाहीं, ही चिंता वेस्ली ह्यांच्या मनास सारखी लागलेली असे, आणि ती घालविण्यासाठीं ते नियमांत नियम वाढवीत जात.

त्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांनीं जॉर्जिया नांवाची नवी वसाहत वसविली होती. तिचे पुढारी जेम्स ओगल्थॉर्प हे १७३३ सालीं पहिली तुकडी घेऊन सॅव्हाना येथें उतरले होते. तेथें पाळकाची उणीव होती. १७३५ सालीं वेस्ली ह्यांचे वडील वारले, आणि थोड्याच महिन्यांनीं त्यांस जॉर्जियाचें बोलावणें आलें. विधवा आईचा विचार घेतल्याशिवाय जावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. परंतु आईनें आनंदानें अनुमति दिली. जॉन, चार्ल्स, पवित्र मंडळांतील बेंजामिन इंगम आणि लंडनमधील एका व्यापाऱ्याचा तरुण मुलगा चार्ल्स डेलामोट, असे चौघे जण निघाले. तेथील मूळ रहिवाशांस सुवार्ता सांगावी, अशी वेस्ली ह्यांची फार इच्छा होती. तथापि निघण्यापूर्वीं लिहिलेल्या एका पत्रांत आपला मुख्य हेतु स्वतःच्या आत्म्याचें तारण हा आहे, हेंही त्यांनीं प्रांजळपणें कळविलें होतें.

१७३५ च्या आक्टोबरांत ते सिमंड्स नांवाच्या गलबतावर चढले. वारा अनुकूल नसल्यामुळें इंग्लंडचा किनारा सुटण्यास डिसेंबर उजाडला. ह्या चौघांनीं गलबतावरही आपला नेम सोडला नाहीं. ते पहांटे चार वाजतां उठून प्रार्थना करीत व मग एकत्र शास्त्र वाचीत. इंगम मुलांस शिकवी आणि जॉन जर्मन भाषेचा अभ्यास करीत. ही भाषा शिकण्याचें कारण असें कीं, त्याच गलबतावर मोराव्हियन पंथाचे सव्वीस जर्मन ख्रिस्ती लोक होते. हे गरीब लोक इतर उतारूंचीं हलकीं कामें विनामूल्य करीत. कोणी त्यांस ढकललें किंवा मारलें, तरी ते मुकाट्यानें उठून बाजूस होत. तक्रारीचा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे.

१७३६ च्या जानेवारी महिन्याच्या २५ व्या तारखेस मोठें वादळ झालें. मोराव्हियन लोक उपासनेंत स्तोत्र गात असतांना एक प्रचंड लाट गलबतावर आदळली, मुख्य शीड फाटून गेलें आणि पाणी खालच्या मजल्यांत शिरलें. इंग्रज उतारूंमध्यें एकच आकांत झाला. परंतु त्या जर्मन लोकांचें गाणें थांबलें नाहीं. त्यांच्या बायका व मुलेंही भ्यालीं नाहींत, असें मागाहून वेस्ली ह्यांस विचारपूस करितां कळलें. त्यांस स्वतःला मात्र मरणाचें भय वाटलें होतें. आपण दुसऱ्यांस जें शिकविण्यास निघालों, तें ह्या साध्या लोकांजवळ आहे आणि आपल्याजवळ नाहीं, हा विचार त्यांच्या मनांत घर करून राहिला.

६ फेब्रुवारीस ते अमेरिकेच्या भूमीवर उतरले, आणि सर्वांनीं गुडघे टेकून देवाचे आभार मानिले. दुसऱ्याच दिवशीं मोराव्हियन पुढारी स्पॅन्गेनबर्ग ह्यांची भेट झाली. ख्रिस्तानें तुमचें स्वतःचें तारण केलें आहे, हें तुम्हांस ठाऊक आहे काय, ह्या अर्थाचा प्रश्न त्यांनीं वेस्ली ह्यांस केला. वेस्लींनीं कसेंबसें होकारार्थी उत्तर दिलें; पण आपले ते शब्द पोकळ होते अशी भीति वाटल्याचें त्यांनीं आपल्या रोजनिशींत नमूद करून ठेविलें. पुढें कांहीं दिवसांनीं यामाक्रॉ लोकांचा वृद्ध नायक टोमोचीची हा भेटीस आला. सुवार्ता ऐकण्यास त्याची ना नव्हती; परंतु आधीं नीट शिक्षण मिळावें व मग बाप्तिस्मा व्हावा, स्पॅनिश लोक ज्या रीतीनें ख्रिस्ती करितात तसें आम्हांस करूं नये, असें त्यानें स्पष्ट कळविलें. ज्यांच्याकडे आपण जातों त्यांसही विचार आहे आणि मागील पाहुण्यांचा अनुभव आहे, हें ह्यावरून दिसतें.

वेस्ली ह्यांनीं श्रमांत कसूर केली नाहीं. सॅव्हाना येथें ते रविवारीं पहांटे पांच वाजल्यापासून रात्रीपर्यंत उपासना चालवीत. इंग्रजीखेरीज इटालियन व फ्रेंच लोकांसाठीं त्यांच्या त्यांच्या भाषेंत प्रार्थना वाचीत, आणि तेथील यहूदी लोकांशीं बोलतां यावें म्हणून त्यांनीं स्पॅनिश भाषेचा अभ्यास केला. डेलामोट ह्यानें मुलांची शाळा चालविली. परंतु लोकांचें मन वेस्ली ह्यांस जिंकितां आलें नाहीं. त्यांनीं जुन्या मंडळीचे कडक नियम त्या नव्या, दमलेल्या, आजारानें गांजलेल्या वस्तीवर लादले. तान्ह्या मुलास पाण्यांत बुडविण्यास आईनें नकार दिला, म्हणून त्यांनीं त्याचा बाप्तिस्मा केला नाहीं. बोल्झियस नांवाच्या एका भक्तिमान् जर्मन पाळकास प्रभुभोजन देण्याचें त्यांनीं नाकारलें. कारण काय, तर त्याचा बाप्तिस्मा बिशपाच्या अधिकारांतील पाळकाकडून झालेला नव्हता! ह्या कृत्याबद्दल पुढें त्यांस फार वाईट वाटलें.

सोबत्यांचेंही बरें चाललें नाहीं. चार्ल्स हे फ्रेडरिका नांवाच्या ठाण्यावर होते. तेथें भांडणें, चहाड्या व आजार ह्यांनीं ते इतके खचले कीं १७३६ सालींच त्यांनीं परतीची वाट धरिली. १७३७ च्या आरंभीं इंगमही परत गेले. सॅव्हानाच्या मुख्य न्यायाधीशाच्या पत्नीच्या नात्यांतील सोफिया हॉपकी हिच्यावर जॉन ह्यांचें मन बसलें होतें. पण लग्न करावें कीं न करावें, ह्याचा निर्णय त्यांच्यानें होईना, आणि १७३७ च्या मार्च महिन्यांत तिनें दुसऱ्या गृहस्थाशीं लग्न केलें. कांहीं महिन्यांनीं वेस्लींनीं तिला प्रभुभोजनापासून दूर ठेविलें. त्यांनीं त्यास मंडळीच्या नियमांचें कारण दिलें. लोकांनीं दुसरेंच कारण मानिलें. त्यांच्यावर वॉरंट निघालें, चव्वेचाळीस पंचांपुढें दहा आरोप ठेवण्यांत आले आणि खटला लांबत गेला. शेवटीं २ डिसेंबर १७३७ रोजीं, संध्याकाळची उपासना आटोपल्यावर, भरतीची वेळ साधून ते नावेंत बसून निघून गेले. पुढें रानांत वाट चुकून त्यांचे व त्यांच्या सोबत्यांचे खाण्यापिण्याविना हाल झाले. ज्या मूळ रहिवाशांसाठीं त्यांनीं समुद्र ओलांडला होता, त्यांच्यामध्यें राहून काम करणें त्यांस कधीं साधलेंच नाहीं.

१ फेब्रुवारी १७३८ रोजीं ते इंग्लंडच्या किनाऱ्यास लागले. इतरांस देवाकडे वळविण्यास गेलेला मी स्वतःच वळलेलों नाहीं, असा जड निष्कर्ष त्यांनीं रोजनिशींत लिहिला. कित्येक वर्षांनीं ती छापतांना, आपण तेव्हां स्वतःस जरा अधिकच दोष दिला असावा, अशी टीप त्यांनीं जोडिली. तरी मूळ शब्द त्यांनीं खोडून टाकिले नाहींत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आपल्या सेवेचा अहवाल लिहितांना अपयशाची पानें गाळून टाकण्याचा मोह कोणास होत नाहीं?

त्याच फेब्रुवारींत लंडन येथें त्यांची पीटर बोलर ह्या तरुण मोराव्हियन उपदेशकाशीं ओळख झाली. वेस्ली ह्यांच्यापेक्षां ते वयानें लहान होते. तरी वेस्लींनीं त्यांजजवळ बसून विश्वासाविषयीं प्रश्न विचारिले आणि त्यांचें ऐकिलें. २४ मे १७३८ रोजीं संध्याकाळीं ते ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहान सभेस, फारसें मन नसतांना, गेले. तेथें रोमकरांस लिहिलेल्या पत्राची ल्यूथरकृत प्रस्तावना कोणी वाचीत होतें. ती ऐकतां ऐकतां ख्रिस्तानें आपलेंच पाप दूर केलें आहे, अशी खातरी त्यांच्या मनास झाली, आणि त्यांच्या अंतःकरणांत एक नवी ऊब आली. त्यानंतर त्यांनीं पहिली प्रार्थना केली ती ज्यांनीं त्यांस छळिलें होतें त्यांच्यासाठीं.

आतां दुसऱ्या प्रवासाकडे वळूं. त्याच वर्षीं जून महिन्यांत वेस्ली जर्मनीकडे निघाले. सॅक्सनी प्रांतांत काउंट झिंझेंडॉर्फ ह्यांच्या जमिनीवर १७२२ सालीं निर्वासित मोराव्हियन लोकांनीं हर्नहूट नांवाचें गांव वसविलें होतें. वेस्ली तेथें सुमारें दोन आठवडे राहिले. तेथें त्यांस कोणी पाळक म्हणून नेमिलें नव्हतें, आणि कोणास सुधारावयाचें नव्हतें. त्यांनीं उपासना पाहिल्या, अनाथगृह पाहिलें, आणि घरोघर बसून लोकांचे अनुभव टिपून घेतले. ख्रिस्तियन डेव्हिड नांवाचा एक सुतार तेथें उपदेश करीत असे. त्याचे चार उपदेश ऑक्सफर्डच्या ह्या विद्वानानें लक्षपूर्वक ऐकिले. सप्टेंबरांत ते परत लंडनास आले. अमेरिकेची सफर दोन वर्षांहून अधिक चालली होती; ही तीन महिन्यांत संपली. पुढें मतभेदामुळें १७४० सालीं ते मोराव्हियन लोकांपासून निराळे झाले. परंतु त्यांच्यापासून घेतलेला धडा त्यांनीं टाकून दिला नाहीं.

२ एप्रिल १७३९ रोजीं ब्रिस्टल येथें वेस्ली प्रथमच उघड्यावर उपदेशास उभे राहिले. चर्चच्या इमारतीबाहेर उपदेश करणें जवळजवळ पाप समजणारा हा गृहस्थ आतां किंग्जवुडच्या कोळसा खाणणाऱ्या मजुरांमध्यें जाऊं लागला. त्यानंतर पन्नास वर्षें ते फिरत राहिले. त्यांचा एकंदर प्रवास सुमारें अडीच लाख मैल झाला, असें मानितात. सॅव्हाना येथें त्यांनीं कांहीं विश्वासणाऱ्यांस आठवड्यांतून एकदां एकत्र जमविण्याची रीत घातली होती. तीच रीत पुढें मेथॉडिस्ट मंडळ्यांचा कणा झाली. जर्मन गीतांची गोडी त्यांस त्याच प्रवासांत लागली. शेजारच्या दक्षिण कॅरोलिना प्रांतांत त्यांनीं गुलामांशीं बोलून त्यांची स्थिति पाहिली होती. १७७४ सालीं त्यांनीं गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलें, आणि १७९१ सालीं मरणाच्या थोडे दिवस आधीं, ह्याच कार्यांत धीर देण्यासाठीं, विल्बरफोर्स ह्यांस पत्र पाठविलें. २ मार्च १७९१ रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, ते प्रभूमध्यें झोंपीं गेले.

त्यांच्या कार्याचा एक धागा आपल्या प्रांतापर्यंतही आला आहे. त्यांचे सहकारी डॉ. टॉमस कोक हे वृद्धपणीं सहा तरुण मिशनऱ्यांस घेऊन सिलोनास निघाले असतां, १८१४ च्या मे महिन्यांत हिंदी महासागरांत वारले. पुढारी गमावलेले ते तरुण त्याच महिन्यांत मुंबईस उतरले, आणि तेथून पुढें सिलोनास गेले.

ह्या दोन प्रवासांची तुलना करितां आम्हांस असें वाटतें कीं, दूर जाणें हें चांगलें आहे, पण जाणारा कोणत्या मनानें जातो ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे. पहिल्या वेळीं वेस्लींजवळ विद्या होती, शिस्त होती, धैर्यही होतें. पण आपल्यास कांहीं घ्यावयाचें आहे, ही जाणीव गलबतावरील वादळानें करून देईपर्यंत त्यांस नव्हती. दुसऱ्या वेळीं ते रिकामे हात घेऊन गेले. म्हणून आपल्या मंडळीचें पथक कोठें जावयाचें असेल, तर निघण्यापूर्वीं त्यांनीं तेथील मंडळीस पत्र लिहून तुम्हांस काय पाहिजे असें विचारावें, तेथील चार वाक्यें शिकून घ्यावीं, आणि परत आल्यावर आपण काय दिलें ह्याबरोबरच आपणांस काय मिळालें हेंही उपासनेंत सांगावें. तसेंच आपल्या गांवीं पाहुणे आले, तर त्यांच्यासमोर नुसते हात जोडून बसूं नये. आपल्याजवळ जो विश्वास आहे तो त्यांस दाखवावा. वादळांत स्तोत्र गाणाऱ्या त्या गरीब लोकांस आपण कोणास कांहीं शिकवीत आहों, हें ठाऊकही नव्हतें.