तळं का आटलं? – शास्त्रज्ञ हम्बोल्ट यांची ओळख

बालमित्रांनो, झाडे तोडली की पाऊसपाणी बिघडते, हे आपण पुस्तकात वाचतो. पण दोनशे वर्षांपूर्वी ही गोष्ट स्वतः पाहून, मोजमाप करून जगाला सांगणारा एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेला. त्यांचे नाव अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट.

हम्बोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे झाला. हे शहर आज जर्मनी देशात आहे. ते नऊ वर्षांचे असतानाच वडील वारले. लहानपणी त्यांना झाडपाला, शिंपले, किडे गोळा करण्याचा भारी नाद. मोठेपणी ते खाणींवर सरकारी अधिकारी झाले. १७९६ साली आई वारली. वाट्याला मोठी इस्टेट आली. दुसरा कोणी असता तर आरामात बसून खाल्लं असतं. हम्बोल्ट यांनी नोकरी सोडली आणि तो पैसा प्रवासाला लावला.

५ जून १७९९ रोजी ते बोंप्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर स्पेनहून जहाजाने दक्षिण अमेरिकेला निघाले. बरोबर तापमापक, वायुभारमापक अशी कितीतरी उपकरणे होती.

फेब्रुवारी १८०० मध्ये ते व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया तळ्याकाठी आले. तिथले लोक काळजीत होते. तळ्याचं पाणी दरसाल मागे हटत होतं. पूर्वीची बेटं आता जमिनीवरच्या टेकड्या झाली होती. तळाला एखादं भोक पडलं असावं आणि त्यातून पाणी जात असावं, असं लोकांना वाटे.

हम्बोल्ट यांनी सगळा परिसर हिंडून पाहिला. भोक तळ्याला नव्हतंच, खरं कारण वर डोंगरावर होतं! ऊस, कापूस, नीळ यांच्या शेतीसाठी लोकांनी जंगल तोडलं होतं. तळ्याला मिळणारे ओढेही पाटाने शेतात वळवले होते. झाडं असली की जमिनीवर सावली राहते, पालापाचोळा पाणी धरून ठेवतो, ते हळूहळू जमिनीत मुरतं आणि झऱ्यांना वर्षभर पुरतं. झाडं गेली की पावसाचं पाणी एकदम लोंढ्यानं खाली येतं, माती वाहून नेतं आणि पुढं झरे कोरडे पडतात. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं, बरं का! पुढे त्या देशात स्वातंत्र्ययुद्ध झालं. शेतं ओस पडली आणि रान पुन्हा वाढलं. १८२२ च्या सुमारास बुसँगो नावाचे शास्त्रज्ञ तिथं गेले, तर तळ्याचं पाणी परत वर चढत होतं!

१८०२ साली हम्बोल्ट चिंबोराझो पर्वतावर सुमारे ५,९०० मीटर उंचीपर्यंत चढले. जसजसे वर जावे तसतशी झाडे बदलत गेली. खाली ताडामाडाची झाडे, वर झुडपे, मग गवत, शेवटी दगडफूल आणि बर्फ. हवा, पाणी, माती, झाडे, प्राणी आणि माणूस हे सारे एकमेकांत गुंफलेले आहेत, हे त्यांनी ओळखले. एक धागा ओढला की सगळी वीण हलते.

हिमालय पाहण्याची त्यांची फार इच्छा होती. पण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. ती इच्छा तशीच राहिली. माणसांना गुलाम म्हणून विकताना त्यांनी पाहिले होते, म्हणून गुलामगिरीलाही त्यांनी जन्मभर विरोध केला. प्रवास आणि ग्रंथ छापणे यांत सगळी इस्टेट संपली, तरी त्यांचे काम थांबले नाही. ६ मे १८५९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आपल्या गावचा ओढा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा आणि तेव्हा डोंगरावर किती झाडी होती, हे घरी आजोबा-आजीला जरूर विचारा. विहीर आटली की आपण तळाशी वाकून बघतो. हम्बोल्ट यांनी मान वर करून डोंगराकडे बघायला शिकवले.