पंडिता रमाबाई आणि दुष्काळातल्या मुली



आईबाप गमावलेल्या किंवा चुकलेल्या मुलाचा फोटो मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवावा का, असे आपल्यातल्या काही जणांनी आम्हाला विचारले आहे. दापोड्यात हा प्रश्न दूरचा नाही. गोदामांत हमाली करायला आलेली कुटुंबे, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर येऊन पावसाआधी परतणारी कातकरी कुटुंबे आपल्या आजूबाजूला राहतात. त्यांची मुले कोणत्या शाळेच्या पटावर आहेत आणि कोणाची नावे कुठेच नाहीत, हे चटकन सांगता येत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. अशा ढिगाऱ्यापाशी पहिला प्रश्न असतो तो आत कोण कोण होते, हा. दुसरा प्रश्न उशिरा येतो आणि पुष्कळदा येतही नाही: वाचलेले मूल कोणाबरोबर गेले? हा दुसरा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी धीटपणे विचारणाऱ्या एका बाईंचे चरित्र आज थोडक्यात सांगत आहोत.

पंडिता रमाबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. त्या कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहत असताना त्यांनी व त्यांच्या लहानग्या मुलीने स्नानसंस्कार घेतला. पुढे अँग्लिकन वरिष्ठांशीही त्यांचे वाद झाले. कोणाच्याही सांगण्यावरून मान डोलावणे हा त्यांचा स्वभावच नव्हता. 

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतलेले. रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रांत, पुराणे सांगत गावोगाव फिरण्यात गेले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना पाठ होते. पुढे दक्षिणेत दुष्काळाची वर्षे आली तेव्हा साठवलेला पैसा संपला, भांडीकुंडी विकली गेली. मजुरी करणे कुळाच्या अभिमानात बसेना आणि भीक मागायची लाज. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरली ती सोळा-सतरा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी देशभर फिरत राहिले, थंडीच्या रात्री नदीकाठच्या वाळूत खड्डा करून निजले. त्या काळात ही दोन मुले कोणत्याही यादीत नव्हती. वाटेत मेली असती तर कोणाला कळलेही नसते. 

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, हे प्रसिद्धच आहे. भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. कन्या मनोरमेचा जन्म १८८१ चा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. मग पुणे, आर्य महिला समाज, इंग्लंड आणि १८८६ साली अमेरिका. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ साली लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाने तिकडे मदत उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले.

येथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपण ख्रिस्ती लोक ती टाळून पुढे जातो. १८९३ साली शारदा सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असा बोभाटा झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींना कोणी बळजबरी केली नव्हती, हे रमाबाईंचे म्हणणे आम्हाला खरे वाटते. तरीही ज्या पालकाने आपली मुलगी विश्वासाने सोपवली, त्याला ती तेथे काय पाहते, काय शिकते हे आधी आणि स्पष्ट कळायला हवे होते. मुलाविषयीची माहिती ठेवणे म्हणजे ती पालकांपासून दूर ठेवणे नव्हे. आज आपल्या बोर्डिंगांना आणि बालगृहांनाही हेच लागू आहे.

रमाबाईंची एक पद्धत आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ऐकीव गोष्टीवर त्यांचे समाधान होत नसे. १८९५ साली वृंदावनातल्या विधवांचे हाल कळले तेव्हा त्या गरीब यात्रेकरू बाईच्या वेशात तेथे जाऊन राहिल्या आणि डोळ्यांनी पाहून आल्या. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपल्या तरुणपणीच्या उपासमारीची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना आणि त्या तिकडे निघाल्या. 

तेथे सरकारी गरीबखाने होते, दुष्काळी कामे होती, किती जणांना अन्न दिले याचे रोजचे आकडे होते. रमाबाईंनी आकड्यांच्या पलीकडे पाहिले. गरीबखान्यांच्या आसपास काही पुरुष आणि काही बायकाही घुटमळत होत्या. एकट्या पडलेल्या मुली हेरायच्या, जेवणाची लालूच दाखवायची आणि घेऊन जायचे. आत पहारेकरी आणि मुकादम यांच्याही हाती मुलींचा घास होता आणि त्याची किंमत वसूल होत होती. सकाळी मोजलेली मुलगी संध्याकाळी नसेल तर आकडा एकाने कमी होई, एवढेच. ती मेली, पळाली की कोणी नेली, हे विचारणारा रकानाच कागदावर नव्हता. सेमिनरीत आम्ही बोएथियसची व्यक्तीची व्याख्या घोकली होती, की व्यक्ती म्हणजे बुद्धिमान स्वभावाचे एकेकटे, अविभाज्य अस्तित्व, असा काहीसा तिचा आशय. गरीबखान्याच्या त्या तक्त्यात तिचा नेमका उलटा अर्थ होता. 

रमाबाईंनी त्या वर्षात सुमारे तीनशे मुली आणल्या. काही इतक्या खंगलेल्या होत्या की त्या जगल्या नाहीत. त्यात पुण्यात प्लेग आला होता. एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून केडगावला आधीच घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभारून त्यांना तेथे हलवले. मुक्ती सदनाची सुरुवात ती अशी घाईगर्दीत.

प्लेगचा हा अध्याय चरित्रांत दोन ओळींत उरकतात. आम्हाला तो सर्वांत मोठा वाटतो. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. हाच कायदा २०२० साली करोनात पुन्हा वापरला गेला. पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे सोल्जर घरे तपासू लागले. संशयित आजाऱ्याला प्लेगच्या इस्पितळात आणि मग विलग छावणीत नेत. शारदा सदनातली एक मुलगी अशीच नेली गेली आणि परत आली नाही. चौकशीत रमाबाईंना कळले ते असे, की छावणीवरच्या एका पहारेकऱ्याने तिला ठेवून घेतले आहे. मे १८९७ मध्ये त्यांनी बॉम्बे गार्डियन या पत्रात हे लिहून छापले. इस्पितळात आणि छावणीत बायकामुलींची काय व्यवस्था आहे, त्यांच्यावर देखरेख कोणाची, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटात गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे चुकीचे व दिशाभूल करणारे ठरवले. रमाबाईंनी ते मागे घेतले नाही.

त्याच उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले लंडनमध्ये होते. पुण्याच्या मित्रांच्या पत्रांवरून त्यांनी सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे तेथे जाहीर सांगितले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार होईनात, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्यांना कोणी खोटारडे म्हणू नये. अत्याचार झालेल्या बाईचे नाव उघड केले तर तिचे उरलेले आयुष्य संपते, आणि नाव झाकले तर सरकार म्हणते असे काही घडलेच नाही. या कात्रीत शहाणे लोकही सापडतात. रमाबाईंचे बळ एवढेच होते, की आपल्या ताब्यातली मुलगी कोणत्या दारातून आत गेली आणि कोणत्या दारातून बाहेर आली नाही, हे त्यांना ठाऊक होते. 

आज या कात्रीवर कायद्याने एक वाट काढली आहे. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे एकटे सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत कळवायचे असते: पोलिसांना, बालकल्याण समितीला किंवा १०९८ या क्रमांकावर. त्याच कायद्याच्या कलम ७४ ने काळजीची गरज असलेल्या मुलाचे नाव, फोटो, शाळा, पत्ता प्रसिद्ध करायला बंदी आहे, आणि त्याला कैदेची शिक्षाही आहे. म्हणजे माहिती पूर्ण घ्यायची, पण ज्याचे काम आहे त्यालाच द्यायची. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आईबाप गेलेली इतक्या महिन्यांची मुले दत्तक द्यायची आहेत, या नंबरवर फोन करा, असे निरोप देशभर फिरले. दयाळू माणसांनीच ते फिरवले. सरकारला सांगावे लागले की असे दत्तक देणे बेकायदा आहे आणि त्याआड मुलांचा व्यापार होऊ शकतो. गरीबखान्याबाहेर घुटमळणाऱ्यांना १८९७ साली निदान तेथवर चालत तरी जावे लागत होते. तेव्हा फोटो आला तर पुढे पाठवू नका, १०९८ वर कळवा. हरवलेल्या मुलाचा फोटो प्रसिद्ध करायचा की नाही, ते पोलीस आणि समिती ठरवतील.

याबाबतीत रमाबाईंच्या काळाचे सगळेच आज चालणार नाही. हाडांचे सापळे झालेल्या दुष्काळी मुलींची छायाचित्रे त्या वेळी परदेशात छापली गेली आणि त्यातून मदत आली. त्या मदतीवर मुली जगल्या. आजच्या नियमात ती छायाचित्रे बसणार नाहीत, आणि बसू नयेत असेच आमचे मत आहे.

१८९९-१९०० मध्ये गुजरातेत छप्पनचा दुष्काळ पडला. या वेळी रमाबाईंच्या हाताशी माणसे होती. जुन्या विद्यार्थिनी, पूर्वीच्या बालविधवा, त्या भागात जाऊन मुली घेऊन आल्या. केडगावात वस्ती दीड हजारांच्या वर गेली. पाणी पुरेना म्हणून विहिरी खणल्या. मुलींचे गट करून प्रत्येक गटावर अशी एक बाई नेमली, जी स्वतः कधीतरी निराधार होऊन आली होती. हजार मुलींना एक बाई ओळखू शकत नाही, पण वीस-पंचवीस मुलींना नक्की ओळखते. रात्री कोण जेवली नाही, कोण रडते आहे, कोण दिसत नाही, हे तिच्या लक्षात येते. शाळा, विणकाम, तेलघाणा, गोठा, शेती आणि छापखाना, सगळे मुलीच चालवत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन वेगळे होते. 

शेवटची वर्षे रमाबाईंनी मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतराला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक त्या स्वतः शिकल्या. १९१९ साली सरकारने, ज्याने एकदा त्यांना दिशाभूल करणारी ठरवले होते त्याच सरकारने, त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वारल्या. काम त्यांच्यावर सोपवायचे असे आईच्या मनात होते. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे गेल्या. मुक्ती मिशन पुणे-दौंड लोहमार्गावरच्या त्याच गावी आजही मुलींना आणि निराधार स्त्रियांना घरात घेते.