बाळू पालवणकर

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यातील साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखताना व त्यांना सरावासाठी चेंडू टाकताना ते फिरकी गोलंदाजीत निष्णात झाले. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. परंतु चहा त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

पुढे कर्जत-खालापूरच्या माथ्यावरील बोरघाट उतरून ते मुंबईस आले. १९०६ साली तेथे हिंदू व युरोपियन संघांचा सामना झाला. शेवटच्या डावात युरोपियनांना विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या. बाळू व त्यांचे सहकारी यांच्या गोलंदाजीपुढे तो बलाढ्य संघ अवघ्या १०२ धावांत कोसळला.

मात्र जातीमुळे बाळूंना कर्णधारपद नाकारले गेले. १९२३ साली तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभला.