रणांगणावरचा डॉक्टर आणि नाशिकची संस्था

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचे नाव निघाले की आठवते ते हिंदुमहासभेचे राजकारण. ते वैद्यकीय अधिकारी म्हणून प्रत्यक्ष युद्धावर जाऊन आले होते, याचे स्मरण फारसे कोणी ठेवत नाही. १८७२ साली बिलासपूर येथे जन्मलेल्या मुंज्यांनी १८९८ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली, काही काळ मुंबई महापालिकेत नोकरी केली आणि ती सोडून ते दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धावर गेले. याच युद्धात गांधीजींनी सुमारे ११०० हिंदी माणसांचे शुश्रूषापथक उभारले होते. जखमी सैनिक दोघांनीही पाहिले. पण त्यांच्या वाटा पुढे अगदी विरुद्ध दिशांना गेल्या. हिंदी माणसाने केवळ जखमा बांधाव्यात आणि सैन्याचे अधिकारपद गोऱ्यांनी भोगावे, हे मुंज्यांना कधीच मानवले नाही.

त्यांची तक्रार निराधार नव्हती. सँडहर्स्टची दारे हिंदी तरुणांना १९१८ साली किलकिली झाली, तीही वर्षाला अवघ्या दहा जागांपुरती. नागपुरात नेत्रवैद्य म्हणून नावलौकिक मिळवलेल्या डॉक्टरांनी मग लष्करी शिक्षणाचा ध्यासच घेतला. गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये ते इटलीत थांबले, मुसोलिनीला भेटले आणि तेथील कवायती तरुणाई पाहून भारावून गेले. नेत्रवैद्याची नजर येथे अधू ठरली, असेच म्हणावे लागते. त्या शिस्तीच्या पोटात काय वाढत होते, ते पुढे साऱ्या जगाने भोगले.

१९३५ साली त्यांनी ‘सेंट्रल हिंदु मिलिटरी एज्युकेशन सोसायटी’ स्थापन केली आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. साठी उलटलेल्या माणसाने देणग्यांसाठी संस्थानिकांचे आणि धनिकांचे उंबरे झिजवून ही संस्था उभी केली, याचे श्रेय त्यांच्या कडव्या विरोधकांनीही द्यावे. मात्र संस्थेच्या नावातील ‘हिंदु’ हा शब्द खटकतो. लष्करी रुग्णालयात खाटेवरच्या जखमीला कोणी धर्म विचारत नाही आणि हे बोअर युद्धात काम केलेल्या डॉक्टरांइतके कोणाला ठाऊक असणार?

स्वतंत्र देशाचे सैन्य त्यांना जेमतेम सहा-सात महिने पाहता आले. गांधीजींच्या हत्येनंतर पाच आठवड्यांच्या आत, मार्च १९४८ मध्ये, त्यांचे निधन झाले.